तीन टाके, मधला वाकडा

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवर, भर बाजारात एखाद्या उभ्या मोटरसायकलीखाली साठी उलटलेला माणूस उताणा पडलेला दिसला, तर कृपा करून अँब्युलन्स बोलावू नका. ते आमचे सकपाळकाका आहेत. थोड्या वेळाने ते आपले आपण बाहेर येतात, सदरा झटकतात, स्वतःशीच "नाही" म्हणतात आणि पुढच्या गाडीकडे जातात.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. आई आणि मी, असं आमचं घर. माझी नोकरी स्टेशनजवळच्या विम्याच्या ऑफिसात. हे ऑफिस जवळ असणं मला चांगलंच महागात पडलं आहे, कारण काका कुठे अडकले की फोन मला येतो. काकूंना काका फोन करत नाहीत. काकू उचलतात, सगळं ऐकून घेतात आणि "मी ओळखत नाही ह्यांना" म्हणून ठेवून देतात.

एकदा असाच दुपारी फोन आला. एका सोनाराच्या दुकानाबाहेर लावलेल्या गाडीखाली काका शिरले होते आणि वॉचमनने त्यांना पायाला धरून बाहेर ओढलं होतं. मी डबा अर्धा टाकून गेले. काका फुटपाथवर मांडी घालून बसले होते आणि वॉचमनला समजावत होते, "अरे भैया, चोर नहीं है, वेल्डर है. चोर गाडी को ऊपर से देखता है, वेल्डर नीचे से." दुकानाचे मालक गुजराती होते, सभ्य होते. त्यांनी मला विचारलं, "बेन, ये अंकल आपके हैं?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग काकांनी मालकांना सांगितलं की तुमच्या सायलेन्सरचा क्लॅम्प तडकलाय, आठवड्याभरात पडेल. मालक हसले. पाचव्या दिवशी वरसाव्याच्या पुलापाशी त्यांचा सायलेन्सर रस्त्यावर पडला. तेव्हापासून त्या दुकानात काकांना चहा आहे आणि वॉचमन सलाम करतो.

भिकाजी सकपाळ हे त्यांचं पूर्ण नाव. गाव चिपळूणकडचं. विशीच्या आत मुंबईला आले आणि माझगावला जहाजांच्या दुरुस्तीच्या एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकले. ते वर्कशॉप बंद पडलं तेव्हा भाईंदरला येऊन एका इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा घेतला आणि खिडक्यांचे ग्रिल बनवायला लागले. आमच्या बिल्डिंगचं गेट त्यांचं, जिन्याचा कठडा त्यांचा, आसपासच्या पंधरा-वीस बिल्डिंगांच्या खिडक्यांचे गज त्यांचे. पण त्याबद्दल ते कधी अवाक्षर काढत नाहीत. ते पोटासाठी होतं. जीव होता तो मोटरसायकलींवर. दर रविवारी गाळ्यात ग्रिलचं काम बंद आणि भंगारातून आणलेल्या गाड्यांचं काम चालू. कुणाची चेसिस, कुणाचं इंजिन, कुणाचं हँडल. अशा अकरा गाड्या त्यांनी उभ्या केल्या आणि मागेल त्याला देऊन टाकल्या. पोस्टमनला एक, पाववाल्याला एक. प्रत्येक गाडी देताना म्हणायचे, "चांगली झालीय. तिच्यासारखी नाही झाली." ही "ती" कोण, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं.

काका माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, आवाजावरून ओळखतात. म्हणजे माणसाच्या नव्हे, गाडीच्या. गॅलरीत पेपर वाचता वाचता मान वर न करता सांगतात, "तिसऱ्या मजल्यावरचा शहा आला. क्लच जाळतोय." त्यांच्या मते जगात माणसं दोन प्रकारची, चेनला तेल घालणारी आणि न घालणारी. मनीषाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, पाहायला कल्याणची मंडळी आली तेव्हा मुलगा स्वतःच्या मोटरसायकलीवर आला होता. पोहे झाले, चहा झाला, प्रश्न झाले आणि मुलीचे वडीलच कुठे दिसेनात. शोधाशोध केली तेव्हा ते खाली सापडले. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात मुलाच्या गाडीची चेन पुसत बसले होते. काकूंनी कपाळाला हात लावला. काका वर आले आणि सगळ्यांसमोर गंभीरपणे म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण चेन सैल ठेवतो. पोरीला जपेल का, मला सांगता येत नाही." लग्न झालं. जावई अजून सासऱ्याकडे यायच्या आदल्या दिवशी चेन घट्ट करून घेतो.

माझ्या स्कूटरबद्दल त्यांचं मत अगदी वाईट आहे. तिला गिअर नाहीत हे त्यांना सहनच होत नाही. "ही गाडी नाही, बाय. मिक्सर आहे. बस वर आणि वाट चटणी." पण माझ्या आईचे गुडघे गेले तेव्हा बाजारातला वॉकर बघून त्यांनी नाक मुरडलं आणि चार दिवसांत स्वतः एक बनवून आणला. त्याला मोटरसायकलीचं हँडल होतं, रबरी मुठी होत्या आणि दोन्ही बाजूंना ब्रेकचे दांडे. ब्रेक कशालाच जोडलेले नव्हते. मी विचारलं, तर म्हणाले, "पडल्यासारखं वाटलं तर हाताला आवळायला काहीतरी लागतं." आई अजून घरात फिरताना वळणावर ब्रेक दाबते.

"ती" कोण हे मला कळलं त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर. मोतीबिंदू दोन्हीकडचा होता. त्यात आयुष्यभर वेल्डिंगच्या उजेडात काढलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, नजर पूर्ण परत यायची नाही, आता वेल्डिंग बंद, गाडी चालवणंही बंद. काकांनी वाद घातला नाही. गाळा रिकामा केला, मशीन विकलं आणि घरी येऊन गॅलरीत बसले. पंधरा दिवस त्यांनी शहाच्या क्लचबद्दलसुद्धा काही म्हटलं नाही. काकू घाबरल्या. एरवी "ह्यांना लोखंडाची बाधा आहे" म्हणून बोटं मोडणाऱ्या काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "वैशाली, ह्यांना कुठेतरी फिरवून आण गं. मिक्सरवरून का होईना."

त्या रविवारी मी त्यांना घोडबंदरच्या रस्त्याला नेलं. खाडीच्या कडेला चहा घेताना ते आपण होऊन बोलायला लागले.

चोविसाव्या वर्षी त्यांनी माझगावच्या वर्कशॉपात स्वतःसाठी एक मोटरसायकल बांधली होती. इंजिन पुरात बुडालेल्या गाडीचं, चेसिस अपघातात तीन ठिकाणी मोडलेली, चाकं तिसऱ्याच कुणाची. टाकी कुठे मिळेना म्हणून पत्रा ठोकून स्वतः बनवली. कागदावर ती एक गाडी होती, खरं म्हणजे तीन. दोस्तांनी तिचं नाव मिसळ ठेवलं. नऊ वर्षं मिसळ चालली. मग भाईंदरला खोली घ्यायची वेळ आली, सगळं विकून पाहिलं तरी भागेना, तेव्हा तीही विकली. एका जुन्या गाड्यांच्या दलालाला. त्याने ती पुढे कुणाला दिली हे काकांनी विचारलं नाही.

"का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी आणायला गेलो असतो," काका म्हणाले.

पुढे शोधायला लागले तेव्हा दलाल दुकान बंद करून गेला होता आणि आरटीओतल्या एजंटने सांगितलं की इतकी जुनी रजिस्टरं आता कुणी उघडत नाही. तेव्हापासून हे गाड्यांखाली शिरणं. रंग बदलतो, सीट बदलतं, नंबरप्लेट बदलते. पण इंजिनच्या खाली, चेसिसला जिथे त्यांनी जोड दिला होता, तिथे वेल्डिंगचे तीन छोटे टाके होते आणि त्यातला मधला वाकडा.

"वाकडा कसा?"

"शिंक आली होती."

मला हसू आलं. काका हसले नाहीत. खाडीकडे बघत म्हणाले, "बाय, मी आयुष्यभर जे जे बनवलं ते सगळं लावलं तिथेच आहे. गेट, कठडे, गज. एकच वस्तू बनवली जी चालत गेली. कुठवर गेली तेवढं बघायचं होतं."

त्यानंतर आमचे रविवार ठरून गेले. वरसावे झालं, काशीमीरा झालं, मेट्रोच्या खांबांखाली लावलेल्या गाड्यांच्या रांगाच्या रांगा झाल्या. आता त्यांना नीट दिसत नसे, म्हणून खाली वाकून टॉर्च धरायचं काम माझ्याकडे आलं. माझी अब्रू जी काही होती ती त्या दोन-तीन महिन्यांत गेली. ऑफिसातल्या एका बाईंनी मला विचारलं की तू पार्टटाइम गॅरेजात जातेस का.

मग उत्तनच्या एका रिक्षावाल्याने काकांना सांगितलं की तिकडच्याच डोंगरी गावात एका म्हातारीच्या पडवीत जुनी मोटरसायकल पडून आहे आणि तिची टाकी घरी ठोकून बनवल्यासारखी दिसते. काकांनी मला लगेच सांगितलं नाही. तीन दिवस ते घरात येरझाऱ्या घालत होते. शनिवारी माझ्याकडे येऊन म्हणाले, "उद्या डोंगरी. नसेल, पण जाऊन येऊ."

घर रस्त्याला लागूनच होतं. कौलारू, बसकं, पुढे सुकत टाकलेले बोंबील. दारात मार्थाबाई बसल्या होत्या, सत्तरीच्या, कमरेला खोचलेलं लुगडं, आवाज खणखणीत. गाडी बघायची आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "भंगारवाला हाय का?" काका म्हणाले, "नाही, मिस्त्री आहे." मग त्यांनी पडवीकडे बोट दाखवलं. गाडीवर जाळं टाकलेलं होतं आणि सीटवर ठेवलेल्या टोपलीत एक कोंबडी बसली होती.

मी जाळं बाजूला केलं. टाकी हिरवी रंगवलेली होती. काका तिच्यासमोर उभे राहिले. मी टॉर्च काढला. त्यांनी नको म्हणून मान हलवली. गुडघ्यावर बसले, मग एका अंगावर रेलले आणि उजवा हात इंजिनच्या खाली घातला. बराच वेळ तो हात तिथे होता. धूळ, ग्रीस, कोळिष्टकं यांतून बोट सरकत होतं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. एका ठिकाणी बोट थांबलं, पुढे गेलं, परत मागे आलं.

ते तसेच जमिनीवर बसले. हात काळा झाला होता, तो त्यांनी मांडीवर उलटा ठेवला.

मार्थाबाईंना वाटलं त्यांना चक्कर आली. त्यांनी पाणी आणून दिलं आणि पाणी पिऊन होईपर्यंत गाडीबद्दल सांगत बसल्या. त्यांच्या माणसाने, आंतोनने, ती तीस वर्षं चालवली. पहाटे म्हावऱ्याची पाटी मागे बांधून मार्थाबाईंना घेऊन बाजाराला जायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून गाडी उभी. मुलगा दुबईला असतो, तो फोनवर सांगतो, देऊन टाक.

"सगला मोडला हिचा," त्या म्हणाल्या. "ह्यो बदलला, त्यो बदलला. पन खालचा जोड कदी न्हाय तुटला. माजा मानूस बोलायचा, ज्यानं हिला बांधली ना, त्याला एक दिस भेटायचा हाय. लय इचारला त्यानं लोकांना. न्हाय गावला."

मी काकांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच मनगट दाबलं. मग मार्थाबाईंना विचारलं, मी हिला दुरुस्त केली तर चालेल का. काही द्यायला नको, मला नाद आहे. मार्थाबाई म्हणाल्या, कर, पन कोंबडीला हाकलू नको, ती अंड्यावर बसलीय.

परतताना ते मागे बसलेत ना, हे मी दोनदा वळून पाहिलं. मिक्सरबद्दल एक शब्द नाही. भाईंदरला पोचल्यावर मी विचारलं, "सांगितलं का नाही तुम्ही?"

"ज्याला सांगायचं तो गेला ना, बाय," ते म्हणाले आणि जिना चढायला लागले.

त्यानंतर दर रविवारी ते हत्यारांची पिशवी घेऊन पश्चिमेला जायचे, तिथून उत्तनची बस, मग डोंगरी. मी कधी असायचे, कधी नसायचे. नीट दिसत नसल्यामुळे काम सावकाश चालायचं. पण बोटांना सगळं पाठ होतं. कार्बोरेटर उघडून धुतला, पॉइंट घासले, टाकीतला गंज काढला. कोंबडी अंड्यांवर होती तोवर सीटला हात लावला नाही. मार्थाबाई दारात बसून मासळी निवडायच्या आणि आंतोनच्या गोष्टी सांगायच्या. काका खाली पडल्या पडल्या ऐकायचे. कधीतरी विचारायचे, "चढावर दम धरायची का?" मार्थाबाई म्हणायच्या, "पाटी भरलेली असली तरी धरायची." मग गाडीखाली पाना पुन्हा फिरायला लागायचा.

सहाव्या रविवारी मार्थाबाईंनी त्यांना सांगितलं, तुझा एवढा जीव हाय तर घेऊन जा हिला. घरी येऊन काकांनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मग टेम्पो कधी बोलवायचा? काका म्हणाले, नाही आणणार. "माझ्याकडे नऊ वर्षं होती. त्याच्याकडे तीस. ती त्याच्या घरचीच झाली." हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. पण त्या दिवशी त्यांनी पेपर उघडला आणि एकही पान उलटलं नाही.

हे सगळं काकूंपासून लपलेलं होतं. म्हणजे काकांना तसं वाटत होतं. प्रत्येक रविवारी पिशवीतून बोंबील येत होते. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे असताना काकूंनी पोळी लाटता लाटता विचारलं, "हे बोंबील कोण देतं तुम्हाला?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. मिसळ सापडली, डोंगरीला आहे, एका बाईंकडे आहे.

काकूंचं लाटणं थांबलं. मला वाटलं, आता ह्या चिडणार. त्यांनी एवढंच विचारलं, "सीट तेच आहे का?"

"नाही. बदललंय. रेक्झिनचं आहे आता."

"हं," काकू म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली.

पुढच्या रविवारी काका निघाले तेव्हा काकू दारात तयार उभ्या होत्या. मनीषाच्या लग्नातली मोरपिशी साडी, केसांत गजरा.  काकूंच्या गुडघ्यांना बस झेपणार नव्हती, म्हणून मी रिक्षा केली आणि मीही गेले.

मार्थाबाईंनी काकूंना खुर्ची दिली. काकू बसल्या नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर पदराचं टोक फिरवलं आणि मार्थाबाईंना सरळ सांगून टाकलं, "ही ह्यांनी बांधलीय. आमचं लग्न ठरलं तेव्हा." काका खाली बघत पान्याशी चाळा करत होते.

मार्थाबाईंच्या हातातला कोयता तसाच राहिला. त्यांनी काकांकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. "दोन वर्सां आधी याला पायजे होतास रे," त्या म्हणाल्या.  उठून आत गेल्या. आत भांडी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

काकांनी पेट्रोलचा कॉक उघडला. किक मारली. एक, दोन, पाच. सातव्या किकला गाडी खोकली आणि नवव्या किकला चालू झाली. पडवीत पांढरा धूर भरला, कोंबड्या अंगणाच्या पार टोकाला पळाल्या. शेजारच्या घरातून एक म्हातारा धावत बाहेर आला आणि मार्थाबाईंना बघून जागीच थांबला. त्याने तो आवाज ओळखला असावा. मार्थाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

काका मेन स्टँडवरच तिच्यावर बसले. चालवायला तर डॉक्टरांची बंदी होती, आणि ते ती मोडणाऱ्यांतले नव्हते. हात मुठीवर ठेवून नुसते ऐकत बसले. तेव्हा मार्थाबाईंनी काकूंना कोपराने ढोसलं, "बस ना गो मागं. मी पन बसायची." काकू लाजल्या. गुडघ्यांचं कारण सांगितलं. मार्थाबाईंनी म्हावऱ्याचा एक क्रेट उचलून आणला, गाडीशेजारी पालथा घातला, मी एका बाजूने हात दिला आणि काकू चढल्या. एका बाजूला पाय सोडून बसल्या, पदर खोचला, डावा हात काकांच्या खांद्यावर ठेवला.

गाडी उभीच होती. समोर पडवीची भिंत, तिच्यावर टांगलेली जाळी. काका भिंतीकडे बघत होते आणि काकू त्यांच्या खांद्यावरून पुढे बघत होत्या. काकांनी क्लच दाबला, गिअर टाकला, हळूच सोडला. मागचं चाक स्टँडवर अधांतरी फिरायला लागलं. त्यांनी दुसरा टाकला, मग तिसरा. इंजिनचा आवाज एकसारखा झाला. मार्थाबाई आणि मी बाजूला उभ्या होतो.

मग काका किंचित डावीकडे झुकले. आणि त्यांच्या मागे, न सांगता, त्याच क्षणी, काकूही झुकल्या. थोडा वेळ दोघं तशीच होती, आणि पुन्हा सरळ झाली.

ते कुठलं वळण होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.